तिळाएवढी माशी

एकोणीसशे साठच्या दशकात मी सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. परीक्षेसाठी कीटकांची पेटी करायची होती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत उंब्रजला घरी आले ती जाळी नि बाटल्या घेऊनच.

आई दुसऱ्यांच्या रानात कामाला जायची. एका दुपारी तिला भाकरी द्यायला गेले, तर बांधावरच्या एकदांडीच्या फुलाकडं बोट दाखवून म्हणाली, "आगं, ही बघ की." फुलावर एक काळा ठिपका हवेत थांबला होता.

"बारीक मधमाशी हाय," मी म्हणाले.

"न्हाई गं. मधमाशी फुलावर बसती. ही आधांतरीच ऱ्हाती. लय वर्सं बघतीया मी."

जाळीच्या भोकांतून ती सहज निसटली. मग आईनंच फुलावर बाटली हलकेच उपडी घातली. पहिली माशी टाचणी टोचताना चिरडली. दुसरी मी कागदाच्या टोकावर डिंकानं चिकटवली.

कॉलेजात सरांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिली. "पंख दोनच, म्हणजे मधमाशी नव्हे, माशीच. पण कुठली, ते मला ठाऊक नाही." मला वाटलं, आता गुण जाणार!

"कुठं सापडली?"

"आईनं पकडली, सर. ती शेतात मजुरी करते."

मागं कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "मग त्यांनाच विचारून या, ही माशी आणखी काय करते."

त्यांनी ती माशी कलकत्त्याच्या एका तज्ज्ञांकडं पाठवली. उत्तर आलं: कूळ माहीत आहे, जात ओळखता येत नाही, अळ्या कुठं वाढतात तेही कुणी पाहिलेलं नाही, दिसेल ते लिहून कळवा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मायलेकी रोज सकाळी बांधावर बसलो. मातीत एकेकट्या राहणाऱ्या रानटी मधमाश्यांची बारीक बिळं होती. माशी त्यांच्यावर घिरट्या घालायची, क्षणभर टेकायची, उडायची. अंडी घालते का, ते मात्र डोळ्यांना दिसेना. मी तसंच लिहिलं. वहीवर वरच्या बाजूला 'निरीक्षण' असं लिहून पुढं आईचं नाव घातलं, नि तिला वाचून दाखवलं.

ती लाजली. तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "ह्ये बी लिव्ह. ढग आलं की ती दिसत न्हाई. ऊन पडलं की पयली तीच येती."