खलाशाला मी परत आणला

करी रोडच्या आमच्या चाळीत सिनेमा मी बघायचे आणि बाकीच्या बायका ऐकायच्या. माझे मामा थिएटरात डोअरकीपर होते, त्यामुळे मला तिकीट लागत नसे. दुपारी बायका गॅलरीत तांदूळ निवडायला बसल्या की मी सुरू करायचे. मध्ये कुणी बोललं की तोंड मिटून घ्यायचे. मग माझ्या विनवण्या कराव्या लागत. तेवढा भाव मी खायचेच.

जुने सिनेमे मी आहेत तसे कधी सांगितले नाहीत. राजवाडे-बिजवाडे कोण ऐकणार? माझा राजा गिरणीत जॉबर व्हायचा, राणी नळावर भांडायची आणि प्रधान मुकादमासारखा खेकसायचा. हसण्याच्या नादात तांदळातले खडे तसेच राहायचे.

त्या वर्षी शेजारच्या वहिनीच्या नवऱ्याला संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडून नेलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरात ती आणि तिची सासू, दोघीच; आपसात मालवणीत बोलायच्या. पत्र नाही, निरोप नाही. एका दुपारी वहिनी म्हणाली, "तो खलाशाचा जुना सिनेमा सांग ना गं." त्या सिनेमात खलाशी वादळात बुडतो आणि बायको किनाऱ्यावर वाट बघत राहते. वहिनीचा चेहरा बघून माझी जीभ रेटेना. मी खलाशाला परत आणला. वहिनी रडली, मग हसली, आणि त्यानंतर दर चार दिवसांनी तोच सिनेमा मागू लागली.

नेमका तोच पुन्हा लालबागला मॅटिनीला लागला. प्रिंट खराब आहे, आवाज फुटतो, खुर्च्यांत ढेकूण आहेत, मी नाही नाही ते सांगून पाहिलं. ती ऐकेना. शेवटी मीच तिला घेऊन गेले. खलाशी बुडाला. पडद्यावर समुद्र तेवढा उरला. "वहिनी, चुकलं माझं," एवढंच मी म्हणाले. ती चाळीपर्यंत माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिली. हिचा होता नव्हता तो आधार आपण काढून घेतला, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गॅलरीत सासूबाई गुडघे धरून बसल्या होत्या. जिना त्यांना उतरवत नसे; खलाशाची गोष्ट त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलेली.

"मगे? इलो काय तो?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच वहिनी त्यांच्याजवळ फतकल मारून बसली. "इलो तर! जातलो खंय?" म्हणाली, आणि वादळापासून सगळं सांगायला लागली. माझ्यापेक्षा चांगलं सांगत होती, हे कबूल करणं मला आजही जड जातं. खलाशी होडीतून उतरला, भिजलेला, दाढी वाढलेला. दारात आला. बायकोकडे न बघता आधी आईपाशी गेला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"जेवलो काय?" सासूबाईंनी विचारलं.

"जेवलो तर. दोनदा भात घेतल्यान."

त्या सिनेमात खलाशाला आई नव्हतीच. मीही कधी घातली नव्हती.