धाकट्याचा दाखला

माझा धाकटा भाऊ कागदावर माझ्यापेक्षा अडीच वर्षांनी मोठा आहे. घरात हा विषय आम्ही चेष्टेवारी नेतो. त्याच्या कारखान्यात तो माझ्याआधी निवृत्त होण्याच्या वयाला पोचणार, मग घरी बसून मला 'अरे बाळा' म्हणून हाक मारणार, वगैरे. सगळे हसतात, मीही हसतो, आणि त्या दिवशी जेवण अंगाला लागत नाही.

आम्ही कल्याण पूर्वेला चाळीत राहायचो. पप्पा कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात होते. आम्ही दोघे भाऊ पालिकेच्या इस्पितळात जन्मलो, आणि दोघांच्या जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोराच राहिला. तेव्हा बऱ्याच घरांत असंच होतं. बारसं घरी व्हायचं, कचेरीत जाऊन नाव चढवायला कोणाला सवड होती? ते दोन कोरे दाखले आईच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली पडून होते.

मी साडेचौदा वर्षांचा असताना फुटबॉलच्या चौदा वर्षांखालच्या जिल्हा संघाची निवड लागली. मैदानावर आम्हाला फुकट शिकवणारे सर संध्याकाळी घरी आले. खाटेवर बसून त्यांनी चहा घेतला आणि पप्पांना समजावलं, "अहो, सहा महिन्यांनी पोराचं नुकसान होतंय. अंगाने बारीक आहे, बारा-तेराचाच वाटतो. धाकट्याचा दाखला कोराच आहे ना? त्यावर याचं नाव चढवा. शाळेचं मी बघतो. सगळेच करतात."

पप्पा कधी सिग्नल मोडत नसत. पण 'सगळेच करतात' या दोन शब्दांनी भले भले वाकतात. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पालिकेत गेले आणि भावाच्या जन्मनोंदीवर माझं नाव लिहून आले. मी बारा वर्षांचा झालो.

रात्री जेवताना भावाने विचारलं, "मग माझा वाढदिवस?"

"तुझा तुझाच," आई म्हणाली.

"आणि माझा दाखला?"

"दादाचा आहे ना, तो तुला. त्याला काय सोनं लागलंय?"

भाऊ खुदकन हसला. "म्हणजे आता मी दादा. चल रे, पाणी आण." मी उठून त्याला पाणी आणून दिलं. या सगळ्याची शिक्षा मला झाली असेल, तर तेवढीच.

भावाच्या खेळाबद्दल लिहायला हवं, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही. तो डावखुरा होता. माझ्यासारखाच मधल्या फळीत, म्हणजे बचाव आणि चढाई यांच्यामधल्या जागेत खेळायचा. मी तिथे नुसता धावायचो. तो चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यायचा. चेंडू आला की पुढे कोणाला द्यायचा ते त्याचं ठरलेलं असायचं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पुढे गोव्यात एका प्रशिक्षकाने मला 'आधी बघ, आधी बघ' असं ओरडत अख्खा महिना घासलं, तेव्हा मला कळलं की माझा भाऊ बाराव्या वर्षी काय करत होता. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. कागदावर साडेएकवीस.

तीन वर्षांनी सोळा वर्षांखालच्या राज्य संघाची चाचणी ठाण्यात होती. भाऊ नुकताच पंधरा पूर्ण झालेला. मी खरा साडेसतराचा, पण त्याच्या दाखल्यावर पंधराचा, त्यामुळे मीही त्याच चाचणीला. दोघे एकत्र गेलो. आईने दोघांना एकाच डब्यात पोळीभाजी दिली होती.

मैदानाच्या दारात टेबल टाकलेलं. माझं ओळखपत्र आधीच झालेलं होतं, मी पुढे सरकलो. भावाने दाखला दिला. त्यासाठी पप्पांनी आदल्याच महिन्यात माझ्या जुन्या नोंदीवर त्याचं नाव चढवून आणलं होतं; तारखेचा हिशेब घरात कोणी केलाच नव्हता. टेबलावरच्या माणसाने तारीख बघितली, बोटांवर हिशेब केला आणि दाखला परत सरकवला.

"सतरा पूर्ण. चालणार नाही. नेक्स्ट."

"काका, मी पंधराचा आहे," भाऊ म्हणाला.

"मग हा कागद कोणाचा आणलास? चल, बाजूला हो."

भावाने माझ्याकडे बघितलं. माझ्या खिशात ओळखपत्र होतं आणि त्यावर त्याची जन्मतारीख होती. मी बोललो असतो, तर तो आत गेला असता आणि मी कायमचा बाहेर. सरही अडकले असते, पप्पाही. ही सगळी कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी डोक्यात एकच गोष्ट होती, ती म्हणजे मला खेळायचं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. मग शिट्टी झाली आणि मी आत गेलो.

माझी निवड झाली. तो तीन तास कुंपणाबाहेर माझी पिशवी सांभाळत बसला होता. डबा त्याने उघडला नव्हता. येताना मी त्याला स्टेशनबाहेर वडापाव घेऊन दिला. त्याने तो खाल्ला, हात पुसले आणि विचारलं, "दादा, आत तू मागे बघत होतास का?"

"कुठे?"

"चेंडू यायच्या आधी."

"नाही, यार."

"बघत जा ना," तो म्हणाला.

सर म्हणाले, पुढच्या वर्षी काहीतरी जमवू. जमवायला तिसरा दाखला कुठून आणणार? भाऊ आणखी दोनेक वर्षं रविवारी मैदानावर खेळला. मग आयटीआय झालं, आणि पप्पांच्याच कारखान्यात तो पाळीवर लागला. एकदा सुट्टीत घरी आलो, तर त्याचे बूट आईने भंगारवाल्याला दिलेले होते. त्यानेच द्यायला सांगितलं होतं.

मी मात्र खेळलो. बारा मोसम, नऊ क्लब. गोवा, कोलकाता, केरळ, शिलाँग, पुन्हा गोवा. एकेका वर्षाचे करार. माझ्यासारखे खेळाडू प्रत्येक संघाला लागतात आणि कोणाच्या लक्षात राहत नाहीत. समोरच्याचा चेंडू काढायचा, जवळच्या सहकाऱ्याला द्यायचा, पुन्हा धावायचं. बारा वर्षांत माझे चार गोल. दोन क्लबांनी मला काढल्याचं मोबाईलवरच्या मेसेजने कळवलं, एकाने तेही केलं नाही. सरावाला गेलो तर माझ्या कपाटावर दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी. भाड्याच्या खोलीत तिघं-चौघं राहायचो. मोसम संपला की एकमेकांना मिठ्या मारायच्या आणि पुढच्या मोसमात त्याच माणसाच्या घोट्यावर पाय घालायचा.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं होतं. संघाचा डॉक्टर वहीत वय लिहायला लागला की मी बुटाच्या नाड्या बांधायला वाकायचो. हाडांचा एक्स-रे काढून खरं वय शोधतात असं ऐकलं होतं. कधीच कोणी शोधलं नाही. माझं वय शोधण्याइतका मी मोठा झालोच नाही.

भावाने माझी एकच मॅच बघितली. तेव्हा पप्पा आजारी होते. त्याने त्यांच्या उशाशी मोबाईल धरला आणि दोघांनी मिळून पूर्ण नव्वद मिनिटं बघितली. मॅचनंतर मी फोन केला. पप्पा म्हणाले, "छान खेळलास." मग फोन भावाकडे गेला. "दादा, तू अजून आधी बघत नाहीस," तो म्हणाला. ते अगदी खरं होतं. त्या दिवशी माझ्या तीन चुका त्यामुळेच झाल्या होत्या.

शेवटी उजवा गुडघा गेला. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि माझं वय विचारलं.

"एकतीस."

"गुडघा काही एकतीसचा वाटत नाही हो," ते म्हणाले.

मी साडेतेहतीस पार केली होती. गुडघ्याला दाखला दाखवता येत नाही. आता मी टिटवाळ्याला राहतो, एका टर्फवर मुलांना शिकवतो. 'आधी बघ, आधी बघ' असं दिवसभर ओरडतो. कोणाचं वाक्य ओरडतोय हे मला माहीत असतं.

भावाला एक मुलगी आहे, दहा वर्षांची. ती डावखुरी आहे. ती जन्मली त्याच आठवड्यात तो पालिकेत जाऊन नाव चढवून आला होता. बाळाला ताप होता, त्याची बायको म्हणत होती नंतर जा, पण हा पाळी बुडवून गेला. दाखल्याला त्याने प्लॅस्टिकचं कव्हर घातलं. तेव्हा मी केरळात होतो. आईने फोनवर हसत सांगितलं, आणि मला हसता आलं नाही.

मी भावाची माफी मागितलेली नाही. शब्द कित्येकदा ओठांवर आले. पण माफी मागितली, तर तो 'जाऊ दे रे' म्हणेल आणि मी मोकळा होईन. तेवढं सोपं ते असू नये असं मला वाटतं. कदाचित हेही कारण मी नंतर जुळवलेलंच असेल.

मागच्या रविवारी मुलींच्या जिल्हा संघाची नावनोंदणी होती. पुतणीला घेऊन भाऊ आला, मीही गेलो. रांग मोठी होती, ऊन चढलेलं. टेबलावर बसलेला माणूस माझ्या ओळखीचा निघाला. एक मोसम आम्ही एका खोलीत राहिलो होतो. त्याने लांबूनच मला हात केला.

मी भावाला म्हटलं, "दे इकडे दाखला. मी आत देऊन येतो, दोन मिनिटांत होईल."

भावाने फाईल छातीशी धरली. तो रागावलेला नव्हता. माझ्याकडे बघून हसलासुद्धा.

"नको दादा," तो म्हणाला. "दाखला माझ्याच हातात राहू दे."

मी त्याच्या मागे रांगेत उभा राहिलो.