तिरप्या बाकावरची चाळीस मिनिटं

आमच्या समोरच्या खोलीत पोटाच्या व्यायामाचा एक बाक आहे. चार फूट लांब, सव्वा फूट रुंद, एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला उतरता. उंच बाजूला फोम गुंडाळलेले दोन आडवे दांडे आहेत. त्यांच्यात पावलं अडकवायची, डोकं उताराकडे करून पाठ टेकायची आणि पोटाच्या जोरावर उठून बसायचं. गोंदियातली एक जिम बंद होत होती, तिथून मी तो आणला. मालक म्हणाला, "पैर एक बार फँसा लो भैया, फिर आप हिलोगे नहीं." मला ते आश्वासन वाटलं.

बाक आणण्याचं कारण माझी आई. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती वर्षभर पलंगावर होती. तिला पलंगावरून संडासच्या खुर्चीवर आणि खुर्चीवरून परत पलंगावर न्यायचं, असं दिवसातून सहा वेळा. हे काम माझी बायको एकटी करत होती. माझ्या कमरेची गादी सरकलेली. पट्टा बांधल्याशिवाय मला पाण्याची बादलीही उचलता येत नव्हती. वर्षभरात बायको एक रात्रही घराबाहेर राहिली नव्हती.

त्यात रायपूरला दिलेल्या आमच्या मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला. म्हणजे बायकोनं तिकडे जायला हवं, निदान पंधरा दिवस. पंधरा दिवसांत सहाच्या हिशोबानं नव्वद वेळा आईला उचलावं लागणार होतं. कामाला ठेवलेली बाई चार दिवस आली आणि पेरणी लागताच गेली. पेरणीपासून रोवणी, म्हणजे भाताची लावणी, संपेपर्यंत आमच्याकडे रिकामी बाई मिळत नाही. बायको निघेपर्यंत माझ्या हातात आठ आठवडे होते.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला सतरंजीवर करायचे तीन व्यायाम दिले होते. पट्टा पोटाचं काम करतो आणि पोट झोपून जातं, असं त्या म्हणाल्या. कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग तोलून धरायचं, साठ सेकंद जमलं की बोलू. पहिल्या दिवशी मी नऊ सेकंद टिकलो. तीन आठवड्यांनी अठरा. आठवड्याला तीन सेकंद या गतीनं आठव्या आठवड्यात तेहेतीसच होत होते. म्हणून मी बाक आणला. बाईंना विचारलं नाही.

मी धान खरेदी केंद्रावर वजनकाट्याशी बसतो. शेजारच्या किराणा दुकानातला काटा घरी आणला, बायकोला आईला घेऊन त्याच्यावर उभं केलं, मग एकटीला. दोघी मिळून पंच्याऐंशी किलो नऊशे. बायको एकटी सत्तेचाळीस पाचशे. आई अडतीस चारशे. दोन वर्षांपूर्वी बायको चोपन्न किलोची होती, हे मला तिथेच आठवलं. तिनंही काटा पाहिला होता.

मग एका कट्ट्यात, म्हणजे लहान पोत्यात, मी बरोबर अडतीस किलो चारशे ग्रॅम धान भरला, शेवटी मुठीमुठीनं टाकून. बाकावर बारा वेळा उठायचं आणि मग तो कट्टा पलंगावरून खुर्चीवर ठेवायचा, असा माझा नेम. पाचव्या आठवड्यात मी तो सलग दहा वेळा ठेवला आणि आईकडे गेलो. तिच्या पाठीखाली हात घालताच तिनं अंग लाकडासारखं केलं आणि माझ्या छातीला दोन्ही हात लावले.

"तू नको हात लावू. माही सून कुठं मेली?"

"ती रायपूरले जाईल तवा मलेच उचला लागंल, माय."

"मंग तवा पाहू."

कट्ट्याला कान असतात, तिथं धरता येतं, आणि कट्टा नको म्हणत नाही. हा फरक माझ्या हिशोबात नव्हता.

सातव्या आठवड्यात एका दुपारी बायको औषधं आणायला अर्जुनीला गेली. जाण्याआधी तिनं आईला खुर्चीवर बसवून पुन्हा झोपवलं होतं. चारची बस मिळाली की परत. मी तीन वाजता बाकावर बसलो. बारा वेळा उठून झालं. तेराव्यांदा उठावंसं वाटलं. अर्ध्यात आलो तेव्हा कमरेत असा गोळा आला की मी मागे पडलो तो पडलोच. पावलं दांड्यांत घट्ट होती. ती सोडवायला उठून गुडघे जवळ घ्यावे लागतात, आणि तेच होत नव्हतं. एका कुशीला वळून पाहिलं, तर डोळ्यांपुढे काळं आलं. मोबाईल फळीवर. दारामागचं घड्याळ मला उलटं दिसत होतं. तीन वाजून बारा मिनिटं.

भिंतीपलीकडून आईनं हाक मारली. सुनेला मारली. मी सांगितलं, ती बाहेर गेली आहे.

"तू काय करून राहिला?"

"पडून आहो."

"मंग ऊठ ना."

"उठता येऊन नाही राहिलं, माय. पाय फसले."

"कशात फसले?"

"बाकात."

"त्या घसरगुंडीत? आन् ते कायले आणली होती?"

"तुले उचलाले."

ती हसली. खूप दिवसांनी तिचं हसणं ऐकलं, आणि मला राग आला. "मी चौदा महिन्यांपासून पडून आहो बाबू. तुले आजच कंटाळा आला?"

शेजाऱ्यांना ओरडून बोलवू का, असं मी विचारलं. सगळे भाताच्या बांधीत रोवणीला होते, पण एखादा म्हातारा घरी असता. ती नको म्हणाली. तिला खुर्चीवर जायचं होतं, आणि परका माणूस घरात आलेला तिला चालणार नव्हता. मी पाय हिसकले. दांडे हलले नाहीत. डोक्यात रक्त उतरून कान वाजत होते. कौलातून एक उन्हाची तिरीप पोटावर पडली होती, ती सरकत छातीवर आली.

"कमरेचं कायले करतं एवढं?" आई म्हणाली. "तुयी बायको मले उचलतच नाही."

"मंग काय करते?"

"गुडघा लावते पलंगाले. माहे हात तिच्या गळ्यात. मंग ती मागं मागं बसते आन् मी आपोआप उभी. तू कट्ट्यावानी उचलाले आला, म्हणून भेव वाटलं."

सात आठवडे मी पलीकडच्या खोलीत सेकंद मोजत होतो. बायको दिवसातून सहा वेळा तेच करत होती आणि मी ते नीट पाहिलं नव्हतं. आईला मी विचारलंही नव्हतं. उचललं जाणाऱ्या माणसाला काही माहीत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी ती म्हणाली, "झालं."

मला कळलं.

"आता तुयी लाज करून काय करू," ती म्हणाली.

बायकोला तीनचीच बस मिळाली होती. तीन वाजून बावन्न मिनिटांनी दार उघडलं. तिनं मला पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि आत गेली. बादलीचा, मग पाण्याचा, मग चादर ओढल्याचा आवाज. मी हाक मारली.

"तुम्ही थांबा," ती आतून म्हणाली. "तुमचं कोरडं आहे."

पाच दिवस मी सतरंजीवर पडून होतो. त्या पाच दिवसांत कूस बदलायलाही मला तिचा हात लागला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी फोनवर बाकाचं ऐकलं आणि फक्त विचारलं, "कोणी सांगितलं होतं?" सहाव्या दिवशी मी पुन्हा सतरंजीवर कोपर टेकले. सव्वीस सेकंद.

बायकोला मी सांगितलं की मला एकट्याला आई झेपेल याची खात्री नाही. ती घड्या घालत होती.

"खात्री मले बी नव्हती," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मायबाई माह्या हातातून सुटून खाली बसली होती. तुम्ही केंद्रावर होते. मी जाऊन राहिली. पोरगी एकटी आहे तिकडं."

जाण्याआधी दोन दिवस तिनं माझ्याकडून सहा-सहा वेळा करून घेतलं. मी गुडघा लावायचा, आई माझ्या गळ्यात हात घालायची आणि तोंड दुसरीकडे करायची. बाराही वेळा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

बायकोला सकाळच्या गाडीवर सोडून मी घरी आलो आणि दार आतून लावून घेतलं. आईला खुर्चीवर बसवलं, तिच्या मांडीवर लुगडं नीट केलं आणि पडदा ओढून बाहेर उभा राहिलो. आत शांत होतं. सकाळची कामाची वेळ निघून जात होती आणि केंद्रावर कोणाला तरी माझ्या जागी बसवलं असेल. बाहेर रस्त्यावरून बाया चिखलाच्या पायांनी बोलत चालल्या होत्या. त्यांना हाक मारण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पडद्यापासून दोन पावलंही लांब जाता येत नव्हतं, कारण खुर्चीवर तिचा तोल जातो. चौदा महिने बायको इथेच उभी राहायची.

"झालं," आई म्हणाली. मग जरा थांबून, "ये."

मी पोट आत घेतलं आणि पडदा सारला.