घाटात मान टाकणारी गाडी

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी गाडी सपाट रस्त्यावर मस्त पळायची आणि तुळजापूरचा घाट लागला की मान टाकायची. घाटाखालीच आमचं गाव, त्यामुळं रोजचीच फजिती. प्लग बदलले, कॉइल बदलली, तरी तेच. शेवटी दादानं भंगारवाल्याला संध्याकाळी बोलावलं. अण्णा गाडीजवळ खुर्ची टाकून नुसते बसून राहिले. ते बघून माझं डोकं असं सणकलं, काय सांगू!

"दादा, गाडी घाट चढली तर इकायची न्हाय. कबूल?"

"चढली तर ना! इंजिन बसलंय तिचं. तू काय फुंकर मारणार?"

"मी बघते काय मारायचं ते. तू चहा सांग."

शेतातल्या मोटारीपासून मिक्सरपर्यंत सगळं उघडून बघायची मला लहानपणापासूनची खोड. ही गाडी इंजेक्शनवाली, पेट्रोल दाबानं यायला हवं. मग आधी दाबच बघू म्हटलं. सोलापूरहून उसनं आणून ठेवलेलं प्रेशर गेज पेट्रोलच्या नळीला जोडलं. काटा तीनच्या जवळ हवा, तर बेटा दीडवर लोळत पडलेला. रेस केली की आणखी खाली!

"घावली गं बया!" मी ओरडलेच. चढावर इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं आणि नेमकं तेच पोचत नव्हतं.

आता अडतंय कुठं? जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी रबरी नळी पक्कडीनं जरा दाबून धरली. दाब राखणारा व्हॉल्व्ह खराब असता तर काटा टुणकन वर गेला असता. तो जेमतेम थरथरला. म्हणजे खोट मागं, टाकीकडं. फिल्टर तर नवाच होता. बॅटरीची वायर काढली, मागचं सीट उचललं आणि टाकीतला पंप वर ओढला.

पंपाच्या तोंडाची जाळी पांढऱ्या धाग्यांनी गच्च भरलेली. धोतराचे धागे! आमच्याकडं कॅनमधनं आणलेलं डिझेल-पेट्रोल फडक्यानं गाळल्याशिवाय कशातच ओतत नाहीत. अण्णांनी तर तो नेम कधी चुकवला नाही. त्यांचं जुनं धोतर विरत विरत टाकीत उतरलं होतं.

"अण्णा, तुमीच की ओ हिचा गळा आवळला!"

"घाण जाऊ न्हाय म्हणून गाळत हुतो की गं," अण्णा ओशाळून म्हणाले आणि मग स्वतःच खो खो हसत सुटले.

जाळी साफ केली, पंप बसवला, गाडी चालू केली. काटा तीनवर! अण्णांना शेजारी घेतलं, दादाला मागं कोंबलं आणि निघाले. घाटात भाविकांच्या बसगाड्या कण्हत होत्या. आम्ही त्यांना मागं टाकत सरळ माथ्यावर. मी आनंदानं अक्षरशः किंचाळत होते.

दादानं मुकाट्यानं भंगारवाल्याला फोन लावला. अण्णांनी तो त्याच्या हातातनं काढून घेतला.

"येऊ नगा," ते म्हणाले. "गाडी इकायची न्हाय. हिचा मेस्तरी घरातच हाय. माझी लेक."