मीठ भुरभुरलेलं अंडं

जपानमधल्या साकाता बंदरातली डीव्हीडी भाड्याने देणारी दुकानं एकेक करून बंद पडली, पण नागामोरी तोकिएचं दुकान काही हललं नाही. दुकान कसलं, मासळीच्या गोदामाला चिकटलेली एक अरुंद खोली. पण बाईचा तोरा असा, की आत आलेल्या गिऱ्हाइकाने स्वतःच्या पसंतीचं काही मागूच नये. साठी उलटलेली, कानावर छाटलेले पांढरे केस, बारा महिने तोच निळा एप्रन, आणि नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव.

डावीकडचा कप्पा तिचा खास. मरण आणि हसू एकाच ताटात वाढलेले सिनेमे नि मालिका तिथे असत, आणि प्रत्येकाखाली तिच्या हातची चिठ्ठी. ‘आजोबांची शवपेटी लिफ्टमध्ये मावत नाही. घरचे पेटी उभी करून नेतात. मधल्या मजल्यावर शेजारी आत शिरतात आणि विचारतात, आजोबा बरे आहेत ना? हे आवडलं तर खालचं न्या.’ खाली असायची दोन बहिणींची मालिका. परक्यांच्या मयताला रडण्याची सुपारी घेणाऱ्या, आणि सख्खी आई गेल्यावर डोळ्यांतून टिपूस न निघालेल्या बहिणी.

कुणी काय न्यावं हे तोकिए एका प्रश्नावर ठरवी. “नको तिथे शेवटचं कधी हसलात?” शाळेच्या मुख्याध्यापकांनाही तिने हेच विचारलं होतं आणि ते लाजून लाल झाले होते. “माझी निवड कधी चुकत नाही,” असं ती छातीठोकपणे सांगे. बढाई होती, पण खोटी नव्हती.

त्या हिवाळ्यात एका दुपारी वाकुई आले. जन्मभर तोफू विकलेला म्हातारा. त्यांची बायको फुसा नुकतीच गेली होती.

“तोकिएसान, काहीतरी हलकंफुलकं द्या. मांजरांचं वगैरे.”

“मांजरं संपली. नको तिथे शेवटचं कधी हसलात?”

“हसलो नाही.” म्हातारा बुटांकडे बघत राहिला. “अंडं खाल्लं.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. फुसाच्या अस्थी वेचून मंडळी परतली, तेव्हा घरात शिरण्याआधी शुद्धीसाठी अंगावर शिंपडायची मिठाची पुडी प्रत्येकाच्या हातात होती. सकाळपासून वाकुईंच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मेहुणीने कोंबलेलं एक उकडलेलं अंडं मात्र खिशात होतं. दाराशी सगळे खांद्यांवर मीठ उडवत असताना वाकुईंनी अंडं सोललं, पुडी फोडली, मीठ अंड्यावर नीट भुरभुरलं आणि उभ्याउभ्या खाल्लं. ‘खाण्यासाठी नाही’ असं त्या पुडीवर छापलेलं असतं. त्यांच्या मुलीने, चिनात्सुने, ते चारचौघांत खणखणीत आवाजात वाचून दाखवलं आणि ती आत निघून गेली. तेव्हापासून बापाशी अबोला. एकोणपन्नासाव्या दिवशी आईच्या अस्थी थडग्यात ठेवतात, त्यालाही येणार नाही असा तिने मावशीकरवी निरोप धाडला होता.

“फुसासान काय म्हणाली असती?” तोकिएने विचारलं.

“म्हणाली असती, एकट्यानेच गिळलंत? अर्धं मला ठेवायचं.”

तोकिएने लिफ्टवाला सिनेमा त्यांच्या हातात ठेवला.

आणि दोन दिवसांत चिनात्सु वाऱ्यासारखी दुकानात शिरली. डिस्क तिने टेबलावर आपटली.

“लाज नाही वाटत? आईचे कपडे न्यायला घरी गेले, तर हा माणूस टीव्हीपुढे हसतोय! रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. तिचा फोटो शेजारी, आणि तुम्ही त्याला मयताचे विनोद दाखवताय?”

तोकिएने डिस्क उचलून ओरखडा पडला का ते पाहिलं. बापलेकीमधला उरलासुरला धागा आपणच तोडला की काय? पण माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं. चिनात्सुला तिने लहानपणापासून पाहिलं होतं.

“चिनात्सुचान, तू नको तिथे शेवटची कधी हसलीस?”

“मी? मी असली...” पोरीचं वाक्य अडलं. “त्याच दिवशी. बाबांनी मीठ टाकलं तेव्हा.”

“मग?”

“पोटातून अशी उबळ आली! ओरडले नसते तर सगळ्यांसमोर फुटलेच असते. संडासात जाऊन तोंडात बाही कोंबली. आईच्या अस्थी अजून कोमट होत्या, तोकिएसान. अशी कशी हो मुलगी मी?”

“फुसासानची मुलगी, दुसरी कुणाची?” तोकिएने दोन बहिणींची मालिका काढून पुढे सरकवली. “ही घे. पण एकटीने बघायची नाही. बापाशेजारी बसायचं.”

“आणि त्यांना सांगू काय?”

“काही सांगू नकोस. हसू येईल तिथे हस. त्यांना कळेल.”

पोरीने नाक पुसलं आणि डिस्क बॅगेत टाकली. तोकिएने वर बजावलं, “आणि ओरखडा पाडलास तर बघ!”

एकोणपन्नासाव्या दिवशी तोकिए दुकानाला कुलूप लावून वाकुईंकडे गेली. चिनात्सु आलेली होती. भिक्षूंचे मंत्र संपले, तशी ती स्वयंपाकघरातून एक बशी घेऊन आली आणि आईच्या फोटोपुढे ठेवली. बशीत उकडलेलं अंडं होतं, मधोमध कापलेलं, वर मीठ. मावशीने आ वासला. वाकुई बशीकडे पाहतच राहिले.

“मीठ कुठलं हे?”

“स्वयंपाकघरातलं, बाबा. पाकिटावरचं नीट वाचलंय.”

म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याचा आवाज फाटला आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला, फुसा गेल्यापासून पहिल्यांदाच. भिक्षूंना घंटा वाजवावी की थांबावं कळेना. तोकिएने त्यांना हातानेच थांबा म्हणून खुणावलं.

चिनात्सु बापाजवळ सरकली. अर्धं अंडं तिने आईपुढे तसंच ठेवलं आणि दुसरं अर्धं त्याला भरवलं.