काट्याची विचारपूस

केर्ली गाव मागं टाकून आम्ही जोतिबाच्या चढाला लागलो. देवाचं नाव घ्यायला आक्काताईनं तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "च्या झाला का?"

"देवालाबी गिऱ्हाईक समजलीस व्हय गं?" मी म्हटलं. मग दोघी रस्त्याकडेला बसून पोट दुखेपर्यंत हसलो.

आक्काताई माझ्या वर्गातली. सातवीनंतर शाळा सुटली, पण नवऱ्याच्या रेडिओच्या दुकानात बसून ती त्याच्यापेक्षा तयार झाली. दोन हजार तीन साली तिनं माहेरच्या दूध संस्थेला दूध मोजायचा बोलणारा काटा करून दिला. किटली ठेवली की लिटर बोलून दाखवायचा. म्हाताऱ्या बायकांना आकडे वाचता येत नाहीत, म्हणून.

पहिल्या दिवशी काटा म्हणाला, "कृपया आपले भांडे येथे ठेवावे." बायका दोन पावलं मागं!

"पुण्याचं कोन पावणं आल्यात गं?" तानाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला. किटली काही कुणी ठेवेना.

आक्काताईनं आवाज पुसून नवा भरला. आधी विचारपूस, मग काम, ही आपली रीत. आता काटा विचारायचा, "च्या झाला का?" आणि समोरचं माणूस गप्प झालं, की मगच लिटर सांगायचा.

झालं! तानाबाई चहावरून सुनेच्या बाळंतपणावर आणि तिथून म्हशीच्या सुजलेल्या पायावर गेली. काटा बिचारा ऐकतोय. रांग मारुतीच्या देवळापर्यंत. दुधाची गाडी निघून गेली, निम्म्या बायका भरल्या किटल्या घेऊन घरी. चेअरमन हंबीरराव कडाडले, "उद्या गाडी यायच्या आत रांग सरली न्हाय, तर काटा उचलायचा!"

म्हणून तर त्याच दिवशी आम्ही पायी देवाला.

"इचारणंच काढून टाक की," मी म्हटलं.

"मग त्याच्याशी कोन बोलंल? आन् मधीच तोडलं तर तानाबाई रुसंल."

"त्यात काय रुसायचं? 'बरं बरं, ऱ्हायलेलं उद्या सांगा मावशी, मागं लोकं खोळंबल्यात,' म्हणायचं."

आक्काताई चालता चालता थांबली. "परत म्हन."

मी म्हटलं. तिनं भर रस्त्यात टाळी वाजवली.

"दर्शन झालं की घरला जायाचं न्हाय, सरळ दुकानात चल. ह्योच आवाज काट्यात भरून दे मला. आन् तवर गार ताक पिऊ नगंस बाई, घसा धरंल!"