भट्टीवरचा दिवा

आमचे हे पोलादाला पाणी देतात. देत होते, म्हणायला हवं आता. पाथरवटांच्या छिन्न्या, सुतारांच्या पटाश्या, सगळं आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये यायचं आणि इथून कडक होऊन गेलं की लवकर परत यायचं नाही. लोक ह्यांना ‘पाणीवाले’ म्हणायचे. घरात चहाचा कप उचलून ठेवायची अक्कल नाही, पण बाहेर केवढं नाव!

एरवी घुमे. पोलादाचा विषय निघाला की मात्र तोंडाला लगाम नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला समोर बसवून म्हणाले, “धातूचे कण एकमेकांना धरून असतात, पण कुणी कुणाशी कायमची गाठ मारलेली नसते. त्यांचे इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक. म्हणून तांबं ठोकलं की कण सरकतात, नव्या शेजाऱ्याला धरतात. तांबं वाकतं, फुटत नाही. लोखंडात कार्बन असला, ते तापवून झटकन पाण्यात बुडवलं, की कार्बन मध्येच अडकतो. सरकणं बंद. कडक होतं, पण काचेसारखं फुटकं. मग पुन्हा थोडं तापवून जरा सैल सोडायचं.” नव्या नवरीला सांगायची ही गोष्ट! मी म्हटलं, “बरं, जेवायला वाढू का?”

हे सगळं काम नजरेवर. पोलाद डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं की बुडवायचं. केशरी दिसू लागलं की समजा घात झाला. म्हणून शेडच्या खिडकीला गोणपाट असायचं. तापल्या लोखंडाचा रंग अंधारातच खरा दिसतो, उजेडात फिका पडतो, हे मीही ऐकून ऐकून पाठ केलं होतं.

तीस वर्षं आगीत बघून ह्यांचे डोळे अधू झाले. डॉक्टर म्हणाले, पडदाच झिजलाय, चष्म्यानं काही होणार नाही. मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर उद्यापासून कोण काम देणार? माझ्या धाकट्या भावानं, तो पाथरवट आहे, एकदा सरळ विचारलं, “ताई, दाजींना नीट दिसतं ना?” मी म्हटलं, “आईची शपथ, तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं!”

एके दिवशी सांडशी समजून ह्यांनी तापलेली पहारच धरली. तळहात सोलून निघाला. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावून भट्टीच्या डोक्यावर हा एवढा मोठा दिवा लावून घेतला.

हे म्हणाले, “अगं, रंग चुकेल.”

“चुकू दे रंग! हात जळाले तर कोण भरवणार तुम्हाला? मी?”

परत भट्टीकडे वळले. माझ्या तोंडापुढे कोण टिकलंय?

त्याच आठवड्यात धाकट्याच्या डझनभर छिन्न्या झाल्या. तिसऱ्या दिवशी दगडावर पहिला घाव घालताच एकीचं टोक उडालं आणि त्याच्या डाव्या डोळ्यात घुसलं. डोळा काढावा लागला.

ह्यांनी त्यातलीच दुसरी छिन्नी शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या लोखंडी पकडीत, धरून मोडली. तुटलेल्या जागेवर बोट फिरवलं आणि माझ्या हातात दिली. चांगलं पोलाद तुटतं तेव्हा आतून राखेसारखं बारीक दिसतं. इथे साखरेएवढे दाणे चमकत होते. जास्त तापलं होतं. त्या उजेडात केशरी त्यांना लाल वाटलं होतं.

“दिव्यामुळे?” मी विचारलं.

“माझ्या डोळ्यांमुळे,” हे म्हणाले. “तू कुठे काही बोलू नकोस.”

दवाखान्यात जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, चूक माझी, मला दिसत नव्हतं. धाकट्याची बायको त्यांना नको नको ते बोलली. हे मान खाली घालून उभे. आणि मी, जिची जीभ एरवी घटकाभर स्वस्थ बसत नाही, ती मी भिंतीला टेकून गप्प. माहेर तुटेल म्हणून गप्प. लाज वाटते सांगायला.

शेड बंद झाली. हे दिवसभर खाटेवर बसून असतात, दोन्ही हात मांडीवर ठेवून. विचारलं तर म्हणतात, “काही नाही.” दोन महिने ते बघितलं आणि मग मला राहवेना. उठले आणि धाकट्याच्या घरी गेले.

दार त्यानंच उघडलं. आत ये म्हणाला नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. दिवा मी लावला, ते नको म्हणत होते, मी ऐकलं नाही, तुझा डोळा माझ्यामुळे गेला रे बाबा. रडत रडत सांगितलं.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“झालं?” तो म्हणाला. “ताई, नवऱ्याला वाचवायला अजून किती खोटं बोलशील?”

“आईची शपथ, खरं सांगतेय.”

“दाजींना चांगलं दिसतं म्हणालीस, तेव्हाही आईचीच घेतली होतीस.”

त्यानं हळूच दार लावून घेतलं. आपटलं असतं तरी बरं वाटलं असतं.